तुझ्या जाण्याचा दशांश

शमू, तुझ्या कंपनीतून फोन आला होता. तुला जाऊन एकोणतीस दिवस झाले होते. मी कुकर लावून तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी होते. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, लिफ्टवर काम करणाऱ्या सगळ्यांचा कंपनी विमा काढते. शमुवेल सरांचाही होता. नॉमिनी तुम्ही आहात. बारा लाख रुपये." मी म्हटलं, "कसले बारा लाख?" तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, तिनं आकडा परत सांगितला. फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आपल्या लेकीची, शेरॉनची फी नाही, घरखर्च नाही. मनात आलं, झालं, आता हा माणूस त्यातले एक लाख वीस हजार बाजूला काढणार आणि मी भांडणार. मी भांडायची तयारीसुद्धा केली रे. कमरेला पदर खोचला. मग कुकरनं किती शिट्ट्या दिल्या मला कळलं नाही, डाळ खाली लागली.

पगाराच्या दशांशाबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, हे तू कबूल करशील. महिन्याच्या पहिल्या रविवारी पगारातला दहावा भाग चर्चच्या पाकिटात जायचा, हे मी लग्नाआधीच मान्य केलं होतं. लाइट बिल, दूधवाला, दशांश. आपलं भांडण होतं ते दुसऱ्या पैशांवरून. तुझं म्हणणं, पगार आपण घाम गाळून मिळवतो, पण जे न मागता येतं, ध्यानीमनी नसताना हातावर पडतं, त्यातला दहावा भाग घरात शिरायच्या आधीच वेगळा झाला पाहिजे. बक्षिशी, बोनस, सणाच्या भेटी. आणि नुसता दहावा भाग नाही, त्यातला सगळ्यात चांगला. दादरच्या एका बिल्डिंगीनं दिवाळीला काजूकतलीची पेटी दिली, तर तू चटईवर बसून तुकडे मोजलेस. चाळीस होते. चार अख्खे, न तुटलेले, कागदात बांधून चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. मी म्हटलं, "अरे, अशानं तुझ्या देवाला डायबिटीस होईल." तू हसलास, पण तुकडे काही परत ठेवले नाहीस.

खरं तर हे सगळं मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. फणसवाडीतल्या त्या जुन्या बिल्डिंगीत मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायचे आणि जाळीच्या दरवाजाची ती लिफ्ट मला घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. पाऊण तास मी आत. ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि मग वरून तुझा आवाज आला, "ओरडू नका बाई, मी आलोय." बाहेर आल्यावर मी तुझे आभार मानायचे सोडून उशीर केला म्हणून तुला झापलं. तू हातातला पाना पुसत ऐकून घेतलंस. आमच्या वकीलसाहेबांना तुझी दया आली, त्यांनी पन्नास रुपये बक्षीस दिले. तू कुणाकडून तरी सुटे करून घेतलेस आणि पाचाची नोट शर्टाच्या दुसऱ्या खिशात ठेवलीस. मी विचारलं, "ते वेगळे का?" तू म्हणालास, "ते माझे नाहीत." मला वाटलं तू कुणाला हप्ता देतोस! लालबागची मुलगी मी, मला दुसरं काय सुचणार? दोन महिने मी तुला त्या हप्तेवाल्याचं नाव विचारत होते. नंतर एकदा भेळ खाताना तू सांगितलंस, आणि मी इतकी हसले की चटणी नाकात गेली.

आपलं लग्न रजिस्टर झालं. माझ्या घरी गणपती, तुझ्या घरी रोज रात्री प्रार्थना, घरभक्ती. तू मला कधी बाप्तिस्मा घे म्हटलं नाहीस. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "तिचं ती बघेल," आणि विषय संपवलास. त्याच वर्षी हंगामाचा सण आला. तुमच्याकडे त्या रविवारी सगळे घरातून काहीबाही आणतात, भोपळा, तांदूळ, केळ्यांचा फणा, लोणच्याची बरणी. उपासना झाली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो आणि पैसे दानात जातात. तुझी आई म्हणाली, तू नारळ ने. मी नेला. नवी साडी, हातात नारळ, समोर देवाचं घर. पायरीशी पोचले आणि हात आपोआप वर गेला. फाट! पहिल्या पायरीवर दोन भकलं. पाणी सगळं पुढच्या बाईच्या चपलांवर.

तुझी आई पांढरीफटक पडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू खाली वाकून दोन्ही भकलं उचललीस, शर्टानं पुसलीस आणि आत नेऊन भोपळ्याशेजारी ठेवलीस. लिलावाच्या वेळी स्वतः उभा राहिलास. "हा आमच्या घरचा नारळ. फोडून दिलाय, बायकांची मेहनत वाचली. बोला!" चर्चची झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे यशवंतमामा सगळ्यांत मागे उभे होते. ते ओरडले, "अकरा रुपये!" मग कुणी एकवीस, कुणी पन्नास. त्या फुटक्या नारळाला भोपळ्यापेक्षा जास्त भाव आला. घरी येताना मी रडत होते आणि तू म्हणालास, "वनिता, तू दिलंस. कसं दिलंस ते त्याला चालतं." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

आणि तरीही आंब्यांवरून मी तुला सोडलं नाही. बाळादादानं, माझ्या भावानं, गावाहून आलेली चार डझनांची पेटी पाठवली होती. तू नेहमीसारखा बसलास निवडायला. पाच आंबे बाजूला काढलेस, त्यातला एक एवढा मोठा, की शेरॉन त्याच्याकडे बघत अंगठा चोखत बसली होती. मी म्हटलं, "हा माझ्या भावाचा आंबा आहे. माझ्या भावाला तुझ्या देवाचं काय?" तू म्हणालास, "आपण मागितले होते का?" "नाही." "मग?" या तुझ्या 'मग'चा मला फार राग यायचा. पाच आंबे यशवंतमामांच्या खोलीवर गेले. मोठा त्यांच्या बायकोला. तिला गोड चालत नव्हतं, तिनं तो शेरॉनलाच परत पाठवला, हा भाग वेगळा.

हे झालं हसण्यासारखं. न हसण्यासारखं चार वर्षांपूर्वी झालं, आणि त्याबद्दल आपण दोघं परत कधी बोललो नाही.

तुमचा पगारवाढीचा करार रखडला होता, तो झाला, आणि मागचा सगळा फरक एकदम मिळाला. एक लाख ऐंशी हजार. शेरॉनला त्याच आठवड्यात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता आणि शुक्रवारपर्यंत एक लाख सत्तर हजार भरायचे होते. मला वाटलं, बघा, देव आहे! पहिल्यांदाच मी तुझ्या बाजूनं बोलत होते. तू म्हणालास, "अठरा हजार आधी." मी म्हटलं, "शमू, आठ हजार कमी पडतील. फी भर, मग हळूहळू दे." तू म्हणालास, "हळूहळू दिलेलं ते उरलेलं असतं." बुधवारी संध्याकाळी तू पाकीट देऊन आलास. गुरुवारी मी आठ हजारांसाठी लालबागला भावाच्या दारात उभी होते. बाळादादानं एक शब्द न बोलता दिले. वहिनी मात्र बोलली, "जावईबापू तर कमावतात ना चांगले?" मी मान खाली घालून जिना उतरले.

घरी आले तेव्हा तू जेवत होतास. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "तुझा देव माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढून खातो, आणि तू त्याला वाढतोस." शेरॉन तिथंच होती. तू ताटातलं संपवलंस, ताट धुतलंस, पालथं घातलंस. आठ दिवस मी तुझ्याशी शेरॉनमार्फत बोलले. नवव्या दिवशी चहा पिताना तू म्हणालास, "तू जे म्हणालीस ना, ते मी त्याला सांगितलं." मी बशीत चहा ओतत राहिले. "जसंच्या तसं सांगितलं." मला राहवलं नाही, म्हटलं, "मग? काय म्हणाला?" तू म्हणालास, "ऐकून घेतलं." आणि कामावर गेलास. बस. फी भरली गेली होती, शेरॉन कॉलेजला जायला लागली होती, घर चालू झालं. पण ते वाक्य मी मागे घेतलं नाही. घेता आलं असतं. तू समोर होतास, चार वर्षं होतास, रोज दोन वेळा माझ्यासमोर बसून जेवत होतास. मी घेतलं नाही कारण मला वाटायचं मी बरोबर होते. अजूनही वाटतं. पण बरोबर असूनही ते बोलायला नको होतं, आणि हे मी आता म्हणतेय, जेव्हा ऐकायला तू नाहीस. चुकलं माझं, शमू.

आपलं शेवटचं भांडणसुद्धा याच्यावरूनच. गुरुवार होता. परळच्या एका सोसायटीनं लिफ्टचं मोठं काम वेळेत केलं म्हणून तुला दोन हजार दिले होते. तू सकाळी बूट घालत बसला होतास आणि मी डबा भरत होते. तू काही बोलायच्या आत मीच त्यातल्या दोन शंभराच्या नोटा काढल्या आणि तुझ्या मांडीवर आपटल्या. "घे. पण मी आनंदानं देत नाहीये, सांगून ठेवते. तुम्ही म्हणता ना, देणाऱ्यानं हसतमुखानं द्यावं? मी रागानं देतेय. चालतं का तुझ्या देवाला रागानं दिलेलं?" तू नाडी बांधता बांधता थांबलास. खरंच थांबलास. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तुला असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर तुझ्याकडे तयार नव्हतं. मग हसलास आणि म्हणालास, "थांब, विचार करून सांगतो."

शुक्रवारी मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. शनिवारी दुपारी दादरच्या बिल्डिंगीतून वॉचमनचा फोन आला. लिफ्ट बंद होती म्हणून तू आठ मजले चढून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलास, आणि तिथंच छातीत दुखायला लागलं. लिफ्ट तू सुरू केली होतीस म्हणे. तुला खाली आणलं ते त्याच लिफ्टमधून. डॉक्टर म्हणाले, काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

शिवडीला माती दिली. आमच्याकडची माणसं दहनाची, त्यांना काय करायचं कळेना. बाळादादा मुठीत माती घेऊन उभाच राहिला, त्याला ती टाकवेना. यशवंतमामांनी त्याच्या मनगटाला धरून हात पुढे केला तेव्हा टाकली. मग तीन दिवस आपल्या घरात चूल पेटली नाही, मंडळीतल्या बायका जेवण घेऊन यायच्या. यशवंतमामा रोज संध्याकाळी येऊन दाराशी स्टुलावर बसायचे. बोलायचे काही नाहीत. एकदा मीच म्हटलं, "मामा, आत या." तर म्हणाले, "इथं बरं आहे." ज्या माणसाला तू आंबे दिल्यावर मी तोंड वाकडं करायचे, तो माणूस घोडपदेवचा चढ चढून रोज माझ्या दारात येऊन बसत होता. मला लाज वाटली. आणि बरंही वाटलं.

मग तो फोन आला. पंधरा दिवसांत पैसे खात्यात जमा झाले आणि घरात दोन पक्ष पडले. बाळादादा आला आणि म्हणाला, "वने, शेरॉनच्या नावानं बँकेत टाक. बाकीचा काय बघूचा नाय." मी दशांशाचं नाव काढलं तर त्याचे डोळे मोठे झाले. "अगो खुळी काय गो तू? माणूस गेलो तेचे पैसे ते! देवाक कसले देतस?" शेरॉन कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मम्मी, पप्पांनी दिले असते." मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला. "पप्पांनी दिले असते, कारण त्यांचं कुणी मेलं नव्हतं!" ती रडत आत गेली. दादा चहा न घेता निघून गेला. मी एकटी बसले आणि तुझ्या देवाला म्हटलं, तोंडावर म्हटलं, दहातला एक मागत होतास ना? तू तर अख्खा माणूस नेलास. आता त्याच्यावर आणखी आभाराचं पाकीट देऊ तुला?

कारण पाकीट आभाराचंच असतं, शमू, तुला माहीत आहे. पगाराचं साधं पाकीट वेगळं. न मागता आलेल्याचं ते उपकारस्तुतीचं. त्याच्यावर खाली छापलेलं असतं, 'कारण'. आणि रविवारी पाळकसाहेब ते मोठ्यानं वाचतात. रक्कम वाचत नाहीत, पण नाव आणि कारण वाचतात. मुलाला नोकरी लागली. नवं घर घेतलं. मी काय लिहू? नवरा गेला?

तू असतास तर माझ्या या प्रश्नावर तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. म्हणाला असतास, "आपण मागितले होते का?" आणि मी म्हटलं असतं, "नाही." आणि तू म्हणाला असतास, "मग?" या विचारानंच माझ्या अंगाची आग झाली. पैसे मागितले नव्हते. मरणही मागितलं नव्हतं! न मागता आलेलं दोन्ही आलं.

शेवटी पाळकसाहेबांकडेच गेले. नवे आहेत, तरुण आहेत, तुला माती देतानाच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज दोनदा फाटला होता. मी सगळं सांगितलं, बारा लाख, बाळादादा, शेरॉन, सगळं. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "वनिताताई, हे उत्पन्न नाही. तुमचं जे गेलं त्याची ही भरपाई आहे, तीही अपुरी. भरपाईवर दशांश नसतो. तुमच्यावर काही बंधन नाही. मंडळीत कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." मी म्हटलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की. तुम्ही मोकळ्या आहात." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तुमच्यात चालत नाही म्हणून नुसती मान डोलावली.

येताना मला फार हलकं वाटलं. भाजीवाल्याशी घासाघीस केली, मेथी घेतली, ताजी कोथिंबीर घेतली. सव्वीस वर्षं मी जे म्हणत होते तेच आज पाळकानं सांगितलं होतं. जिंकले होते मी! हे तुला कधी सांगते असं झालं. खरंच सांगते, पिशवी हातात घेऊन मी भराभर चढ चढत होते, तुला सांगायला. दुसऱ्या मजल्यावर पोचले, कुलूप काढलं, आणि आत कुणी नव्हतं. शेरॉन कॉलेजात होती. तुझे बूट मी देऊन टाकले होते, त्यामुळे दारामागची जागासुद्धा रिकामी.

मोकळी झाले म्हणे. कुणापासून मोकळी? सव्वीस वर्षं मी या दशांशापासून सुटायला बघत होते, आणि सुटले तेव्हा कळलं की तुझ्याशी बोलायला माझ्याकडे हा एवढाच विषय उरला होता. बाकी सगळं तर संपलंय. तुझा डबा नाही, तुझे कपडे नाहीत, कुठल्या बिल्डिंगीत कुठली लिफ्ट अडकली ते ऐकायचं नाही. भांडण तेवढं शिल्लक होतं. तेही मी त्या भल्या माणसाच्या टेबलावर मिटवून आले होते.

मेथी निवडायला बसले आणि निवडता निवडता ठरलं. तू विचार करून सांगणार होतास, सांगितलं नाहीस. रागानं दिलेलं त्याला चालतं का नाही, हे मला तू सांगू शकत नाहीस आणि पाळकसाहेबही सांगणार नाहीत, ते फार सज्जन आहेत. मग मीच देऊन बघते. या वेळी पैसे माझे आहेत. नॉमिनी मी आहे, खातं माझं आहे. आजवर गेलं ते तुझ्या हातून गेलं आणि मी मागे उभी राहून बडबडले. आता माझ्या हातून जाईल. घेतो का परत करतो, बघूच.

शेरॉन आली तशी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं. ती घाबरली. म्हणाली, "मम्मी, माझ्यामुळे नको. मी त्या दिवशी उगाच बोलले." मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही आणि पप्पांमुळेही नाही. तुझ्या पुढच्या शिक्षणाचं सगळं मी बाजूला ठेवलंय, ते कुणी हलवणार नाही. हे माझं आणि त्याचं आहे." तिनं विचारलं, "पप्पांचं?" मी वर बोट दाखवलं. चेक तिनंच लिहून दिला, माझं अक्षर चांगलं येत नव्हतं. पाकिटावर 'पतीच्या स्मरणार्थ' लिहू का म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, "स्मरणार्थ कशाला? मी काय त्याला विसरलेय?" तिच्या हातातून पेन घेतलं आणि कारणाच्या ओळीवर मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं.

काल रविवार होता. तुमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मोडलं नाही. काल शेरॉनला बायकांत बसवलं आणि मी सरळ उजवीकडे गेले. चौथ्या बाकावर, खांबाच्या बाजूला, तुझी जागा मोकळी होती. बसले. शेजारचे काका थोडे सरकले. दानाची थैली फिरली, मी पाकीट टाकलं.

मग पाळकसाहेब वाचायला उभे राहिले. एकाच्या नातवाचा पहिला वाढदिवस. एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. प्रत्येक पाकिटानंतर सगळे "आमेन" म्हणत होते. चौथं माझं. त्यांनी नाव वाचलं, पुढं बघितलं आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. वर बघून मला शोधलं, आधी बायकांच्या बाजूला, मग इकडे. मी नजर हटवली नाही. मनात म्हटलं, वाचायचं असेल तर आहे तसं वाचा, नाहीतर पाकीट परत द्या.

त्यांनी वाचलं. "कारण. मी रागावले आहे. तरी देत आहे."

नुसते पंखे फिरत होते. पुढच्या बाकावरच्या दोन माणसांनी वळून बघितलं. माझे कान तापले, वाटलं आता उठावं, शेरॉनचा हात धरावा आणि निघावं. तेवढ्यात मागून, दारापासून, यशवंतमामांचा तो चिरका आवाज आला. "आमेन." मग शेजारच्या काकांनी म्हटलं. मग उजवीकडून, मग डावीकडून, मग सगळ्यांनी मिळून, पाळकसाहेबांनीसुद्धा.

मी म्हणू शकले नाही, शमू. म्हणायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. तुझ्या जागेवर, सगळ्या पुरुषांच्या मध्ये बसून, मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडले. पाळकसाहेब पुढचं पाकीट हातात धरून थांबून राहिले. आणि मी रडत होते तोवर कुणी मला गप्प बस म्हटलं नाही.